‘रन’ हा एक शब्द मी कसा शिकवते

माझे बाबा मध्य रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. आम्ही मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. रात्री-अपरात्री ड्यूटीचा निरोप घेऊन कॉलबॉय यायचा, कडी वाजवायचा, बाबा त्याच्या कॉलबुकात सही करायचे, आई पोळी-भाजीचा डबा बांधून द्यायची आणि ते लाइनवर निघून जायचे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू विचारायच्या, “भाऊ आले का गं?” आई म्हणायची, “कुठले? भुसावळला रनिंग रूममध्ये झोपले असतील.”

मी तेव्हा तिसरीत होते. शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, पण रन म्हणजे पळणं एवढं रेडिओवरच्या कॉमेंट्रीमुळे कानावर होतं. मग पळायच्या खोलीत माणूस झोपतो कसा, हे काही मला उमगेना. एकदा बाबा घरी असताना विचारलं. ते म्हणाले, “अगं, पळते ती गाडी. गाडीबरोबर जाणारे आम्ही रनिंग स्टाफ. आणि गाडीवरून उतरल्यावर आम्ही पाठ टेकतो ती रनिंग रूम. पळतंय कोण, ते आधी बघत जा.”

पळतंय कोण, ते आधी बघ. आजही मी हा शब्द शिकवायला तिथूनच सुरुवात करते. (गार्डला जानेवारी २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. रनिंग रूमचं नाव मात्र तेच आहे.)

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी २२ वर्षं क्वालिटीत होते. आता आठवड्यातून तीन संध्याकाळी मशीन चालवणाऱ्या ऑपरेटर आणि ते लावून देणाऱ्या सेटर मुलांना इंग्रजी शिकवते. बहुतेक जण आयटीआय झालेले, लातूर, बीड, सोलापूरकडून आलेले. हातात कला असलेली मुलं. पण कस्टमरचा मेल आला, मशीनचं मॅन्युअल उघडलं की अडतात. आणि गंमत बघा, अवघड शब्दांपाशी अडत नाहीत. ‘कॉन्सेंट्रिसिटी’ (दोन गोलांचा मध्य एकच असणं) त्यांना व्यवस्थित माहीत असतं, कारण त्या शब्दाला एकच अर्थ आणि तो त्यांनी डायल, म्हणजे काट्याचं मोजायचं साधन, लावून डोळ्यांनी पाहिलेला. अडतात ते गेट, टेक, सेट, रन असल्या बारक्या शब्दांपाशी. म्हणून एका बारक्या शब्दाला मी सलग दोन आठवडे देते. तो नीट बसला की बाकीच्यांशी कसं वागायचं ते कळतं.

‘रन’च का? कारण याच्याइतके अर्थ दुसऱ्या शब्दाला नाहीत. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा एकट्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर या संपादकांना त्या एका शब्दासाठी नऊ महिने लागले.

६४५ ऐकलं की मुलं एकमेकांकडे बघतात. तेव्हा मी सांगते, की यातले तुमच्या वाट्याला येणार तीस-पस्तीस, आणि ते चार-पाच चित्रांत मावतात. यादी पाठ करायची नाही. चित्र बघायचं.

आपलं ‘चालणं’ हाताशी धरा

सुरुवातीला मी फळ्यावर मराठी वाक्यं लिहिते. मशीन चालतं. पंखा चालतो. दुकान चालतं. मेस चालते. क्लास चालतो. नाटक दोन वर्षं चाललं. शिवाजीनगर ते स्वारगेट मेट्रो चालते. मग विचारते, यातल्या कुणाला पाय आहेत? कुणालाच नाहीत, तरी आपण बिनदिक्कत ‘चालतं’ म्हणतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही. इंग्रज माणूस याच जागी ‘रन’ म्हणतो. द मशीन इज रनिंग. शी रन्स अ मेस. द प्ले रॅन फॉर टू यिअर्स. आपल्याकडची ही सगळी चालणारी मंडळी इंग्रजीत पळतात, बाकी अर्थाला काही फरक नाही. म्हणजे यंत्र, वाहन, धंदा, संस्था, कार्यक्रम, कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम, यांतलं काही ‘चालत’ किंवा कुणी ते ‘चालवत’ असेल, तर ‘रन’ वापरून बघायचं. दहापैकी आठ वेळा बरोबर येतं.

उरलेल्या दोन वेळा कुठे चुकतं, ते मात्र नीट लक्षात ठेवावं लागतं. पहिली चूक हमखास होते: “आय रन स्कूटर.” आपण गाडी ‘चालवतो’ म्हणून मुलं असं म्हणतात. स्वतः हॅंडल धरून बसलात तर ‘राइड’, स्टिअरिंग हातात असेल तर ‘ड्राइव्ह’. ‘रन’ म्हणजे सेवा चालवणं. एसटीचा ड्रायव्हर बस ड्राइव्ह करतो, महामंडळ बस रन करतं. आणि बस स्वतःही रन होते: पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला धावली, तिथे ‘रॅन’ म्हणायचं. हे वाक्य मी मुद्दाम देते, कारण त्यात मराठीतही ‘धावली’ येतं. लोकलच्या घोषणेतही ‘गाड्या उशिराने धावत आहेत’ हेच असतं. म्हणजे गाडीच्या बाबतीत आपणही इंग्रजीसारखेच पळतो.

दुसरी जागा म्हणजे ‘चालेल’. “उद्या आलं तर चालेल का?” “मला तिखट चालतं.” “फाटकी नोट चालणार नाही.” इथे ‘रन’ आणायचंच नाही. इथलं आपलं चालणं परवानगीचं आहे, पसंतीचं आहे, इंग्रजीत त्याला वेगळे शब्द आहेत. “तुझं काय चाललंय?” यालाही ‘रन’ लागत नाही. माझ्या वर्गात एक साधी कसोटी आहे: वाक्यात ‘चालतं’च्या जागी ‘सुरू आहे, थांबलेलं नाही’ असं ठेवून बघा. अर्थ टिकला आणि विषय यंत्राचा, सेवेचा किंवा धंद्याचा असला, तर ‘रन’.

पाणी, रंग आणि ओतकाम

दुसरं चित्र वाहण्याचं. नोझ इज रनिंग, नाक वाहतंय. डोन्ट लीव्ह द टॅप रनिंग, नळ वाहता ठेवू नका. नवा लाल कुर्ता पांढऱ्या शर्टबरोबर भिजवला आणि सगळं गुलाबी झालं, तर द कलर हॅज रन. आपण म्हणतो रंग गेला, रंग लागला. इंग्रजीत तो पळतो, खरं तर वाहतो.

हा अर्थ कुणी नंतर चिकटवलेला नाही, तो जुनाच आहे. इंग्रजीच्या सख्ख्या बहिणीत, जर्मनमध्ये, आजही दोन जवळजवळचे शब्द आहेत: रेनन म्हणजे पळणं आणि रिनन म्हणजे ओघळणं, वाहणं. इंग्रजीत ही दोन्ही कामं एकटा ‘रन’ करतो.

एकदा वर्गात मी हे सांगत होते आणि मागून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, म्हणजे आमचा रनर.” तो आधी कोल्हापूरला, शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला होता. साच्यात वितळलेलं लोखंड ज्या वाटेने वाहत जातं, ती वाट म्हणजे रनर. प्लॅस्टिक मोल्डिंगवाल्यांकडेही तेच, पार्टबरोबर निघणारी ती काडी रनरच. सात-आठ वर्षं तो शब्द त्याच्या तोंडात होता आणि रनर म्हणजे पळणारा, इथे कोण पळतंय, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी एकच काम सांगते: तुमच्या खात्यात, घरात, गल्लीत जिथे जिथे ‘रन’ बोलला जातो, तो शब्द वहीत टिपून आणा. पुस्तक उघडायच्या आधी हे. तुम्हीही तसंच करा. आपल्याला इंग्रजी येत नाही असं म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडात या एका शब्दाची दहा-बारा रूपं निघतात.

आलेल्या वह्यांत काय काय असतं! फॅब्रिकेशनवाला ‘रनिंग फूट’ आणतो. ओट्याचा कडप्पा, खिडकीचं ग्रिल, पडद्याची पट्टी, सगळ्यांचा भाव रनिंग फुटाने. ज्याचे वडील ठेकेदार आहेत तो ‘रनिंग बिल’ आणतो: काम सुरू असतानाच झालेल्या कामापुरतं लावलेलं बिल. कुणी ‘रनिंग कॉमेंट्री’, कुणी ‘हिट अँड रन’. २०२४ च्या जानेवारीच्या सुरुवातीला ट्रकवाल्यांनी हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा तो शब्द दिवसभर टीव्हीवर होता, म्हणून सगळ्यांना माहीत.

‘रनिंग फूट’वर मी जरा थांबते. इथे काहीच पळत नाही, वाहतही नाही. मग हा कुठला अर्थ? तुटक न मोजता सरळ, लांबीने, सलग मोजलेला फूट. ‘सलग’ हा शब्द धरून ठेवा, कारण त्याच्या मागे एक अख्खं बिऱ्हाड येतं. थ्री डेज रनिंग म्हणजे सलग तीन दिवस. प्रॉडक्शन रन म्हणजे एका सेटिंगवर सलग काढलेला माल. ‘अ रन ऑफ ५००’ असं मेलमध्ये असेल तर ५०० नगांची ती सलग खेप. ‘रन ऑफ द मिल’ हा वाक्प्रचारही तिथलाच: गिरणीतून जसा निघाला तसा, न निवडलेला, प्रतवारी न लावलेला माल. आता त्याचा अर्थ ‘सर्वसाधारण, खास काही नसलेला’ असा झाला आहे. इचलकरंजीचा एक विद्यार्थी होता, त्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

सरळ लांबीचाच आणखी एक अर्थ भूगोलात भेटतो. मुंबई-आग्रा रस्ता नाशिक आणि धुळ्यावरून जातो, सह्याद्रीची रांग किनाऱ्याला समांतर जाते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘रन्स’. आपण म्हणतो रस्ता ‘जातो’. रस्ता कुठे जातो? तो जागचा हलत नाही. म्हणजे अशी भाषा आपल्याला परकी नाही.

ड्राय रन: इथे जपून

हा भाग मशीनवर काम करणाऱ्यांनी दोनदा वाचावा.

आमच्याकडे एक नवा मुलगा सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथवर होता. नवा प्रोग्रॅम आला होता. सुपरवायझर जाता जाता म्हणाला, “पहिले ड्राय रन मार.” मुलाने विचार केला, ड्राय म्हणजे कोरडं. त्याने कूलंट (कापताना गार ठेवणारं पाणी) बंद केलं, चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जॉब (कापायचा तुकडा) पकडलेला होता तो तसाच ठेवला, पॅनेलवरचं ड्राय रनचं बटण दाबलं आणि सायकल स्टार्ट दिला. त्या बटणाने मशीन प्रोग्रॅममधला फीड (कापताना टूल सरकण्याचा वेग) सोडून पॅनेलवर ठेवलेल्या वेगाने सरकतं. तो वेग हवेत फिरण्यासाठी असतो, कापण्यासाठी नसतो. टूल जॉबमध्ये घुसलं. टिप फुटली, होल्डर वाकला, जॉब चकमधून निसटला. दरवाजा बंद होता म्हणून मुलगा वाचला.

त्याची चूक होती असं मला कधीच वाटलं नाही. त्याला तो शब्द कुणी समजावून दिला नव्हता. ‘ड्राय रन’ म्हणजे रंगीत तालमीसारखं: खरा प्रयोग नाही, प्रेक्षक नाहीत, पण सगळ्या हालचाली जशाच्या तशा. मशीनवर त्याचा अर्थ जॉब न लावता प्रोग्रॅम फिरवून बघणं. कूलंट बंद ठेवून कापण्याला ‘ड्राय मशीनिंग’ म्हणतात, ती गोष्टच निराळी. आणि ‘ट्रायल रन’ म्हणजे खराखुरा जॉब लावून काढलेले पहिले एक-दोन नग. तीन शब्द, तीन वेगळी कामं. तुमच्या हाताखाली नवीन माणूस असेल तर हे त्याला मशीनपाशी उभं करून दाखवा. तोंडी सांगून जाऊ नका.

रन आउट: एकाच्या पोटात तीन

आता सर्वांत फसवा प्रकार. ‘रन’च्या मागे एखादा छोटा शब्द लागला की अर्थ बदलतो. त्यात ‘आउट’ पहिला घ्यावा, कारण आपल्या माणसाला त्याचा एक अर्थ लहानपणापासून पक्का असतो: धावबाद. ही वॉज रन आउट. इथला ‘वॉज’ सोडू नका. फलंदाज स्वतः रन आउट करत नाही, त्याला कुणीतरी करतं.

दुसरा अर्थ मोजमापाचा. गोल जॉब फिरवला, डायल लावला आणि काटा हलला, तर त्या हलण्याला ‘रनआउट’ म्हणतात. आमच्या शॉपमध्ये जुने लोक म्हणायचे, “जॉब आउट चालतोय.” बघा, पुन्हा चालणं आलंच.

तिसरा अर्थ संपणं. आणि इथे वाक्याची रचनाच उलटी होते, म्हणून वेळ द्यावा लागतो. मराठीत वस्तू संपते: साखर संपली, कूलंट संपलं, वेळ संपला. इंग्रजीत वस्तू संपते तसा माणूसही ‘रन आउट’ होतो. वुई हॅव रन आउट ऑफ कूलंट. मधला ‘ऑफ’ लागतोच. वस्तूला पुढे घेतलं तर ‘ऑफ’ जातो: द कूलंट हॅज रन आउट. ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी लिहा आणि रोजच्या पाच गोष्टी घालून मोठ्याने म्हणा. गॅस, दूध, रिचार्ज, सुट्ट्या, पैसे. संपायला आलं असेल, पण संपलं नसेल, तर ‘रनिंग लो’ किंवा ‘रनिंग शॉर्ट’.

धावबाद सोडून बाकीचे दोन्ही अर्थ एकदा एकाच मेलमध्ये आमच्यासमोर आले होते. कस्टमरने लिहिलं होतं की पुढचा रन सुरू करण्याआधी शाफ्टचा रनआउट तपासा, आमच्याकडचा साठा शुक्रवारी रन आउट होईल. पॅकिंगच्या मुलाने वाचलं: शाफ्ट संपले आहेत, शुक्रवारच्या आत पाठवा. त्याने धावपळ करून माल गाडीत भरला. तपासणी झालीच नाही. अख्खी लॉट परत आली, आणि ती परत तपासायला मी आणि माझी जोडीदारीण दोन रविवार व्ही-ब्लॉकपाशी, म्हणजे शाफ्ट ठेवून फिरवायच्या खाचेच्या ठोकळ्यापाशी, बसलो होतो. वाक्यात ‘रनआउट’च्या आधी ‘शाफ्टचा’ आहे, म्हणजे ते नाम आहे, मोजायची गोष्ट आहे. आणि पुढे ‘होईल’ आहे, म्हणजे ते क्रियापद आहे, संपण्याची गोष्ट. एवढं पाहिलं असतं तर पुरे होतं. इंग्रजी लिहितानाही नाम बहुधा जोडून लिहितात आणि क्रियापद तोडून. तेवढी फट शोधायची सवय लावा.

बाकीचे शेपटीवाले

‘इनटू’: रस्त्यात कुणी अचानक भेटलं तर आय रॅन इनटू हिम. गाडी खांबावर आदळली तरी तेच. आकडा लाखांत गेला तरी रन्स इनटू लाख्स.

‘ओव्हर’: माणसावर किंवा जनावरावर गाडी गेली तर रन ओव्हर. मीटिंग ठरल्या वेळेपेक्षा लांबली तरी रॅन ओव्हर.

‘डाउन’: बॅटरी उतरली, इमारत मोडकळीला आली, एखाद्याने कुणाबद्दल वाईट बोललं, तिन्हीकडे. आजारपणानंतर अंगात त्राण नसेल तर आय फील रन डाउन.

‘थ्रू’: यादी, भाषण, कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा नजरेखालून घालणं.

‘बाय’: फोनवर पलीकडचा म्हणतो, लेट मी रन इट बाय माय मॅनेजर. त्याला पळून जायचं नाहीये, साहेबांच्या कानावर घालायचं आहे.

एवढे पुरेत. हे एका दिवसात घेऊ नका. आठवड्याला एक.

दवाखान्यात आणि बँकेत

मुलं म्हणतात हे कामाचं नाही. आहे. घरात कुणी आजारी पडलं आणि डॉक्टर इंग्रजीत बोलायला लागले की मग कळतं. इज ही रनिंग अ टेंपरेचर? म्हणजे अंगात ताप आहे का. डझ डायबेटिस रन इन द फॅमिली? म्हणजे मधुमेह घराण्यात आहे का. विम्याच्या फॉर्मवर हा प्रश्न असतोच. इथे ‘रन’ पुन्हा वाहण्याच्या चित्रातून आला आहे, रक्तातून खाली उतरत येतो तसा. बोलण्यात ‘द रन्स’ म्हणजे जुलाब, पण डॉक्टरांशी बोलताना तो शब्द वापरू नका, सरळ लूज मोशन म्हणा.

बँकेवरचा ‘रन’ म्हणजे खातेदारांनी घाबरून एकदम पैसे काढायला धाव घेणं. २००७ च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर लोक असेच रांगा लावून उभे होते. उभे होते रांगेत, पण शब्द पळण्याचा. बाबांचा प्रश्न इथेही विचारा, पळतंय कोण? लोकांचा जीव.

निवडणुकीच्या बातम्या वाचत असाल तर एक गोष्ट मजेची आहे. आपल्याकडे उमेदवार निवडणुकीला ‘उभा राहतो’. ब्रिटनमध्येही तो उभाच राहतो, ते ‘स्टँड’ म्हणतात. अमेरिकेत मात्र तो पळतो: रन फॉर प्रेसिडेंट. दोन्ही इंग्रजीच, देश बदलला की क्रियापद बदललं.

आपली ‘धाव’

क्रिकेटची धाव समजावून सांगायची गरज नाही. चौकार गेल्यावर कुणीच पळत नाही, तरी चार धावा मिळतात, इतका तो शब्द पळण्यापासून सुटून मोजणीचा झाला आहे. सुनील गावसकरांनी १९८७ च्या मार्चमध्ये अहमदाबादला कसोटीतल्या १०,००० धावा पूर्ण केल्या, तेव्हा मनमाडच्या आमच्या चाळीत रेडिओभोवती गर्दी होती. जखमी फलंदाजासाठी पळणारा ‘रनर’ आंतरराष्ट्रीय सामन्यांतून २०११ मध्ये बंद झाला, हे नव्या मुलांना माहीतही नसतं.

मला सांगायचं आहे ते दुसरंच. माझे आजोबा शेतकरी होते. त्यांच्या विहिरीवर मोट होती, आणि मोट ओढताना बैल ज्या उतरत्या वाटेवरून खाली-वर करायचे, त्या वाटेला ‘धाव’ म्हणायचे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात, तिलाही धावच. एकीकडे पळायची जागा, दुसरीकडे जमिनीवरून पळणारी कड, आणि मैदानात मोजायची धाव. इंग्रजीत कोंबड्यांना फिरायला जाळी लावून जागा ठेवतात, तिला रन म्हणतात. बर्फाच्या उतारावर घसरायची वाट, तीही रन. आजोबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण त्यांना हे सांगितलं असतं तर अजिबात नवल वाटलं नसतं. म्हणून वर्गात कुणी म्हणालं की एका शब्दाचे इतके अर्थ असतातच कसे, की मी त्याला आधी ‘धाव’ आणि ‘चालणे’ या दोन शब्दांची वाक्यं लिहायला बसवते. अर्ध्या तासात दोन पानं भरतात.

वही आणि कोश

रूपं आधी पक्की करा: रन, रॅन, रन. काल झालं तर ‘रॅन’, तोंड पूर्ण उघडून, ‘बॅट’मधल्या ‘ॲ’सारखं. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आला की परत ‘रन’. “आय हॅव रॅन” हे चुकीचं आहे आणि फार ऐकू येतं.

मग एक वही घ्या, शंभर पानी पुरे. डाव्या पानावर पाच घरं आखा: पळतंय, चालतंय, वाहतंय, सलग आहे, आणि शेवटचं शेपटीवाल्यांचं. ‘रन’ असलेलं वाक्य कुठेही भेटलं, की पूर्ण वाक्य उजव्या पानावर उतरवा, खाली कुठे भेटलं ते लिहा (मेल, मशीनचा डिस्प्ले, औषधाची चिठ्ठी, मॅच), आणि डावीकडे कुठल्या घरात बसतं ते ठरवा. सुटा शब्द आणि त्यापुढे अर्थ असं लिहू नका. तो आठवड्यात पुसला जातो. घर चुकलं तर चुकू दे, पेन्सिलने लिहा. कुठल्याच घरात न बसणारं वाक्य निघालं तर शेवटच्या पानावर ठेवा. माझ्या शेवटच्या पानावर आजही चार वाक्यं आहेत.

त्यानंतरच कोश. मी ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश सुचवते, ए. एस. हॉर्नबी यांनी सुरू केलेला. तो मुळातच परभाषिकांसाठी बांधलेला आहे आणि अर्थ सोप्या शब्दांत देतो. त्यात मोठ्या नोंदींमध्ये प्रत्येक गटाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छोटी खूण असते: धंदा, यंत्र, पाणी, वेळ अशा प्रकारची. आधी फक्त त्या खुणा वाचत खाली या, आपलं घर सापडलं की तिथेच थांबा, उदाहरण वाचा. वरपासून खालपर्यंत अख्खी नोंद वाचायला गेलात तर पाचव्या अर्थाशी झोप येईल. फोनवरच्या भाषांतराला एकटं ‘रन’ देऊ नका, ते ‘धाव’ म्हणून मोकळं होतं. पूर्ण वाक्य द्या आणि तरीही घर स्वतः तपासा.

महिन्यातून एकदा वही दुसऱ्याच्या हातात द्या. त्याने मराठी सांगावं, तुम्ही इंग्रजी. आमच्या वर्गात हे शेवटच्या शनिवारी होतं. गेल्या पावसाळ्यात याच मुलांपैकी एकाचा, तो फाउंड्रीवाला, रात्री पावणेतीनला मेसेज आला. तिसरी पाळी होती. सुपरवायझरला पाठवायचा मजकूर आधी मला दाखवत होता: कूलंट हॅज रन आउट ऑन मशीन फोर. आय हॅव स्टॉप्ड द रन ॲट १२० पीसेस. रनआउट चेक्ड, ओके. मी डोळे चोळत तीनदा वाचला. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. “पाठव,” एवढंच लिहिलं.